उरलेली बाटली

परवा रात्री नातू खोकू लागला आणि माझा हात सवयीने कपाटातल्या उरलेल्या औषधाकडे गेला. सून म्हणाली, "आई, नको." राग आला, आमची मुले यावरच वाढली ना! मग छिंदवाडा आठवले. २०२५ साली तिथे खोकल्याच्या औषधातील डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवाने चिमुकल्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, कित्येक दगावली. त्याच वर्षी केंद्राच्या आरोग्य खात्याने बजावले: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नका, पाचाखालीही सहसा नकोत. साधी सर्दी आपोआप बरी होते. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो. धाप लागली, तर मात्र तडक डॉक्टर गाठावा. ती बाटली मी टाकून दिली. आपलेही कपाट जरा पाहा.