‘समाधानी’ रुग्णाचे दुखणे

शस्त्रक्रिया झालेले रुग्ण घरी जाताना फॉर्मवर ‘समाधानी’ लिहितात, मग वेदनेची ओरड कशाला, हा आपल्या पत्रलेखकाचा सवाल पटला नाही. आमच्या जासईतली वडीलधारी मंडळी पनवेलला ऑपरेशन करून येतात आणि ‘डॉक्टर चांगले होते’ एवढेच सांगतात. रात्रभर डोळा लागला नव्हता, हे मागाहून कळते. पोट चिरले म्हणजे दुखणारच, ही समजूत. शिवाय सिस्टरला किती वेळा हाक मारायची, हा संकोच. तीव्र वेदना सोसलेले रुग्णही समाधान नोंदवतात, हे परदेशी अभ्यासांतही वारंवार दिसले आहे. त्या फॉर्मवर डॉक्टरांविषयीची कृतज्ञता उतरते, वेदना नव्हे.

वेदना ० ते १० अशा आकड्यात विचारता येते. तीही खोकताना, कूस बदलताना विचारायला हवी. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, मग छातीत कफ साचतो. वेदना शमवायला औषधे आहेत. तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनच्या परवान्यांचा जाच अमली पदार्थ कायद्यातील २०१४च्या दुरुस्तीने कमी झाला. साधे पॅरासिटामॉल ठरल्या वेळी द्यायला तर परवानाही लागत नाही. नाडी-तापाशेजारी वेदनेचा आकडाही केसपेपरवर रोज लिहावा, ही रुग्णालयांना विनंती.

– एक वाचक, जासई (जि. रायगड)