जुन्या जीपचा ‘एसी’ पंप

बेळगाव-खानापूरच्या परिसरात, चोर्ल्याच्या नि आंबोलीच्या वाटेवर, महिंद्रांची जुनी पेट्रोल जीप अजून क्वचित दृष्टीस पडते. कोणाच्या वडिलांनी घेतलेली, कोणाच्या आजोबांच्या काजूच्या बागेत राबलेली. विकवत नाही म्हणून ठेवलेली आणि ठेवली आहे म्हणून चालवावी लागणारी. अशा जीपची उन्हाळ्यातील तक्रार ठरलेली असते. सपाटीवर ती निमूट धावते. घाट लागला की धापा टाकते आणि अर्ध्या चढावर उभी राहते. मग मिस्त्री निदान सांगतात, ‘एसी पंप गेला.’

या ‘एसी’चा गारव्याशी संबंध नाही आणि विजेशीही नाही. हे पंप बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या नावात आल्बर्ट चँपियन या गृहस्थांची आद्याक्षरे होती. ती आपल्या गॅरेजांत इतकी मुरली, की कोणत्याही कंपनीचा पंप असला तरी तो ‘एसी’च!

पंपाची रचना पाहिली तर तिच्या साधेपणाचे कौतुक वाटते. कॅमशाफ्टवरील उंचवटा पंपाची दांडी हलवितो, दांडी रबरी पडदा खाली ओढते आणि टाकीतले पेट्रोल आत येते. ते कार्ब्युरेटरकडे ढकलण्याचे काम मात्र दांडीचे नव्हे, पडद्याखालील स्प्रिंगचे. कार्ब्युरेटर भरला की त्याची सुई वाट बंद करते, पडदा खालीच थांबतो आणि दांडी नुसती डुलत राहते. म्हणजे दाब किती असावा हे स्प्रिंगच ठरविते. सीजे-थ्रीबीच्या २.२ लिटर इंजिनाला तो दर चौरस इंचास अडीच ते पावणेचार पौंड एवढाच लागतो. ‘जास्त जोराचा पंप बसवा, गाडी पळेल’ हा सल्ला म्हणूनच घातक होय. आधुनिक मोटारींच्या इंजेक्शनचे पंप चाळीस पौंडांच्याही वर दाब देतात. तसला पंप येथे जोडला, तर सुई हटून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर वाहू लागेल.

घाटात गाडी थांबते तेव्हा पंप दोषी असतोच असे नाही. पंप पेट्रोल ओढून घेतो, म्हणून टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब कमी असतो. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो, हे आपण शाळेत शिकलेलोच आहोत. डोंगरावर डाळ शिजत नाही ती त्यामुळेच. त्यात पंपाचे बिऱ्हाड एक्झॉस्टच्या शेजारी. पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पंपाला ओढवत नाही. पंपावर ओले फडके टाकून गाडी चालू झाली, तर पंप बदलण्याआधी नळी उष्णतेपासून दूर न्यावी. टाकीचे झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज होऊन गाडी सुधारली, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे असे समजावे. रबरी नळीला चीर असेल, तर ओढणाऱ्या बाजूला पेट्रोल गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून ओल शोधून ती सापडत नाही.

पडदा फाटला असेल तर मात्र दिरंगाई नको. पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरते, तेल पातळ होते आणि बेअरिंगे खाल्ली जातात. तेलाची पट्टी काढून पाहावी. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असला, तर गाडी जागची हलवू नये.

नवा पंप घेताना आज एक गोष्ट पाहावी लागते, जी आपल्या वडिलांना पाहावी लागली नव्हती. २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशात विक्रीस आले. जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते किंवा कडक होऊन तडकते. दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला, पेटीबंद ‘अस्सल’ पंप म्हणूनच मोहात पाडत असला तरी टाळावा. इथेनॉल सोसणाऱ्या पडद्याचा आणि झडपांचा पंप मागावा. नळ्याही त्याच जातीच्या घ्याव्यात. काही जीपांत दुहेरी पंप असतो. त्याचा दुसरा भाग चढावर वायपरला निर्वात पुरवितो. त्या जागी एकेरी पंप बसविला, तर आंबोलीच्या पावसात काच पुसली जाणार नाही.

विजेच्या पंपाचा पर्याय आहे, आणि वाफेच्या त्रासावर तो उत्तम. टाकीजवळ आणि तिच्या तळाच्या पातळीला बसविला, की तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो. पण यंत्रचलित पंप इंजिन थांबताच थांबतो; विजेचा पंप गाडी उलटल्यावरही पेट्रोल ओतत राहू शकतो. सीजे-थ्रीबीत तर टाकी चालकाच्या आसनाखालीच. तेलाचा दाब नाहीसा होताच वीज तोडणारा स्विच आणि फ्यूज बसविणार नसाल, तर हा पंप बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय जुना पंप वाटेत तसाच ठेवू नये. त्याचा पडदा फाटला, तर विजेचा पंप सगळे पेट्रोल इंजिनाच्या पोटात ढकलील. तो काढून त्या जागी पत्र्याची झाकणी गॅस्केटसह आवळावी.

यंत्रचलित पंप बसविणे अवघड नाही. इंजिन थंड असावे, बॅटरीची तार सोडावी, टाकीकडची नळी लगेच बुजवावी. विडी ओढणारा मदतनीस दूर बसवावा. जुने गॅस्केट खरवडून काढावे. दांडी कॅमवर नीट टेकली आहे ना, हे बोटाने चाचपावे. ती आड गेली तर बोल्ट आवळताना मोडते. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. नंतर पंपाची हातदांडी हलवून कार्ब्युरेटर भरावा. ती ढिली लागली तर कॅमचा उंचवटा समोर आला आहे. हँडलने इंजिनाला एक फेरा द्यावा, म्हणजे तो फिरून जाईल. जुना पडदा फाटलेला होता तर तेल बदलल्यावाचून इंजिन सुरू करू नये. आणि पहिल्या फेरीनंतर, इंजिन निवल्यावर, सर्व सांधे कोरड्या फडक्याने पुसून ओल येते का ते पाहावे.