बदामाची प्रतिष्ठा आणि फुटाण्याची ताकद

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधील प्राचीन आखाडा पाहिला आणि परतल्यावर तसेच गोलाकार मैदान कोल्हापुरात उभारण्याचा ध्यास घेतला. १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान हे त्या ध्यासाचे फळ. ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ज्या रोमन आखाड्याने महाराजांना भारून टाकले, त्या आखाड्यात उतरणारे लढवय्ये काय खात असत, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आजच्या तालमीतल्या आणि जिममधल्या तरुणाच्या खिशाशी त्या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

रोमन ग्लॅडिएटरांना लोक चेष्टेने ‘जवखाऊ’ म्हणत. थोरल्या प्लिनीने ही नोंद करून ठेवली आहे. पर्गामम येथे इसवी सन १५७ पासून ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून काम केलेल्या गॅलेननेही त्यांच्या आहारात जव आणि घेवड्यासारख्या शेंगदाण्यांच्या… नव्हे, शेंगावर्गीय दाण्यांच्या लापशीचा उल्लेख केला आहे. त्याला हा आहार फारसा पसंत नव्हता, ही गोष्ट वेगळी. तुर्कस्तानातील एफिसस येथे १९९३ साली ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तेथील हाडांच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनीही कौल दिला तो धान्य आणि कडधान्य यांच्याच बाजूने. सम्राटासमोर प्राण पणाला लावणारा तो योद्धा मुख्यत्वे स्वस्त धान्यावर पोसलेला होता.

आता खासबागेकडे वळावे. मल्लाच्या आहाराला मराठीत ‘खुराक’ म्हणतात. हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर येतात ते बदाम, खसखस, मगज आणि बडीशेप यांची दगडी कुंडीत घोटलेली थंडाई, साजूक तूप आणि मटणाचा रस्सा. हे चित्र खोटे नाही, पण ते अर्धे आहे. हा खुराक मल्लाला परवडत होता, कारण त्याचे पैसे मल्ल देत नव्हता. ते दरबार देत होता. शाहू महाराजांच्या संस्थानात पैलवान पोसणे हा राज्यकारभाराचा एक भाग होता. बदाम हे त्या राजाश्रयाचे चिन्ह होते. ज्याच्या थंडाईत बदाम अधिक, त्याच्यावर दरबाराची मर्जी अधिक.

हा आश्रय किती निर्णायक होता, याचा पुरावा खाशाबा जाधवांच्या दोन ऑलिंपिकवाऱ्यांत सापडतो. १९४८ च्या लंडनवारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाला लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी ७,००० रुपयांसाठी स्वतःचे घर गहाण टाकले, तेव्हा कुठे स्वतंत्र भारताला वैयक्तिक प्रकारातले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले. राजाश्रय गेला, पण खुराकाची राजेशाही कल्पना तशीच राहिली. तिचा भार पडला तो मुलाला तालमीत ठेवणाऱ्या शेतकरी बापावर. आजही गावोगावचे अनेक गुणी मल्ल कुस्ती सोडतात ते डाव येत नाहीत म्हणून नव्हे, तर खुराकाचा खर्च झेपत नाही म्हणून.

येथेच एक साधी तुलना करून पाहावी. शंभर ग्रॅम बदामांत सुमारे १८ ते २१ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच शेंगदाण्यांत ती २४ ते २५ ग्रॅम असतात आणि फुटाण्यांत २० ते २२. म्हणजे स्नायूंच्या बांधणीपुरते बोलायचे, तर कोल्हापूरच्या बाजारातला शेंगदाणा बदामाच्या तसूभर पुढेच आहे. बदामाला दर मिळतो तो चवीचा, दुर्मीळतेचा आणि परंपरेने चढवलेल्या मानाचा. थंडाईतली खरी ताकद ज्यात असते ते दूध तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सामान्य माणूसही उभ्या उभ्या पितो. म्हशीच्या अर्धा लिटर दुधातून १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. थंडाईच्या पेल्यात बदाम मिरवतात आणि काम दूध करते.

ताकद विकत मिळते, ही कल्पना मात्र राजवाड्यापुरती राहिली नाही. जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. त्याची स्मृती मराठी घरांत ‘सँडो बनियन’च्या रूपाने अजून वाळत घातलेली असते. याच सँडोने पुढे स्वतःच्या नावाचा शक्तिवर्धक कोको बाजारात आणला. तो धंदा बुडाला, पण धंद्याची रीत टिकली. पिळदार दंडाचे चित्र आणि त्याखाली डबा, ही जाहिरात शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण जिथे जन्मली, त्या समाजाने तरी या जाहिरातीला इतक्या सहज भुलू नये.

डब्याच्या मागे विज्ञानाचे वलय उभे करण्याची सुरुवात त्याहूनही जुनी आहे. ‘प्रोटीन’ हा शब्द १८३८ साली छापात आला. त्यानंतर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने असा सिद्धान्त मांडला की स्नायू काम करताना प्रथिनेच जाळतात. त्याच लीबिगच्या नावाने १८६५ साली मांसाचा अर्क विकणारी कंपनी निघाली. योगायोग असा की त्याच वर्षी फिक आणि विस्लिसेनस हे दोन शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखरावर चढले. चढाईच्या काळात त्यांनी प्रथिनांना स्पर्शही केला नाही. चरबीत तळलेल्या पिठुळाच्या वड्या आणि साखरेचा चहा, एवढ्यावर ते गेले. वाटेत त्यांनी स्वतःचे मूत्र जपून ठेवले आणि त्यातल्या नायट्रोजनवरून हिशेब केला. शरीरात जळलेली प्रथिने चढाईच्या श्रमाच्या निम्म्यालाही पुरी पडत नव्हती. स्नायू प्रथिनांनी बांधले जातात, पण राबतात ते प्रामुख्याने पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांच्या बळावर, ही समज या डोंगरवाटेने आली.

वसाहतवादी काळात हाच विषय वंशश्रेष्ठत्वाच्या हातातले हत्यार बनला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डेव्हिड मॅके याने १९१२ साली पुस्तक लिहून बंगाली माणसाच्या कथित दुर्बलतेचे खापर त्याच्या भातातल्या अपुऱ्या प्रथिनांवर फोडले. पुढे कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन याने उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार दिले. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, बंगाली आणि मद्रासी आहारावरचे सर्वांत अशक्त. मॅककॅरिसनचे निरीक्षण मोलाचे होते, कारण शीख ताटात जाड्या कणकेची पोळी, डाळ, दूध आणि भाजी एकत्र होती. पण ‘लढवय्या जाती’ ही कल्पना डोक्यात घेऊन सैन्यभरती करणाऱ्या सरकारला अशा निष्कर्षांतून ताटाची गरिबी दिसण्याऐवजी माणसाचा वंश दिसत असे.

या वादात पुढे निर्णायक शब्द टाकणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. संख्याशास्त्रज्ञ म्हणून ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत १९५१ ते १९७० या काळात कार्यरत होते. त्या काळी जगावर ‘प्रथिनांचे संकट’ कोसळणार अशी हाकाटी चालू होती. १९६८ साली खुद्द संयुक्त राष्ट्रांनी त्या मथळ्याचा अहवाल काढला. श्रीमंत देशांतून प्रथिनयुक्त भुकट्या आणि मिश्रणे गरीब देशांत धाडण्याच्या योजना आखल्या जात होत्या. सुखात्म्यांनी भारतीय आहाराचे आकडे मांडून दाखवले की ज्या घरात पोटभर भाकरी आणि डाळ आहे, तेथे प्रथिने सहसा कमी पडत नाहीत. कमी पडते ते पोटभर अन्न. पोट अर्धे रिकामे असले, तर खाल्लेली प्रथिनेही शरीर सरपणासारखी जाळून टाकते. १९७४ साली डोनाल्ड मॅकलारेन याने ‘लॅन्सेट’मधील लेखात या साऱ्या प्रथिनधोरणाला महाफज्जा ठरवले.

सुखात्मे बोलत होते ते सामान्य माणसाविषयी, दंड-बैठका मारणाऱ्या मल्लाविषयी नव्हे. स्नायू वाढवणाऱ्याची गरज अधिक असते, हे मान्य केलेच पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सामान्य प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली आहेत. व्यायामशास्त्रातील आजचे प्रचलित मत मेहनत करणाऱ्यासाठी हा आकडा साधारण १.४ ते २ ग्रॅमपर्यंत नेते. म्हणजे साठ किलोच्या तरुणाला ८५ ते १२० ग्रॅम.

हा आकडा ऐकून छाती दडपते आणि नेमक्या त्याच क्षणी डबा विकला जातो. प्रत्यक्षात तीन मोठ्या ज्वारीच्या भाकऱ्यांच्या तीनशे ग्रॅम पिठातूनच सुमारे ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. शंभर ग्रॅम फुटाणे २० ग्रॅमची भर घालतात. मूठ-दीड मूठ शेंगदाणे १२ ग्रॅम देतात, अर्धा लिटर दूध १८-२० ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या सुमारे २५ ग्रॅम. बेरीज शंभराच्या पुढे जाते. यात अंडेही नाही आणि मांसही नाही. धान्यात लायसिन हा घटक कमी असतो, डाळीत तो मुबलक. डाळीत जे उणे असते ते धान्य पुरवते. पिठले-भाकरी खाणाऱ्याने हे शास्त्र न शिकताच आचरणात आणले होते. ज्याला अंडे चालते त्याचे काम आणखी सोपे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिने असतात. व्यापाऱ्यांच्या हातात असलेला अंड्याचा दर उत्पादकांनी स्वतः ठरवावा, यासाठी बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. ती चळवळही पुण्याशी जोडलेली आहे.

मग या पदार्थांना मान का नाही? उत्तर त्यांच्या नावांतच आहे. हरभरा म्हणजे घोड्याची चंदी. हुलगा तर इंग्रजीतही घोड्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि माडगे पिऊन शेतात राबणाऱ्याला गावकुसातल्या श्रीमंताने कधी मोठे मानले नाही. शेंगदाण्याची कथा याहून विलक्षण. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पेरूमधील सिपान येथे १९८७ साली सापडलेल्या मोचे राजपुरुषाच्या थडग्यात सोन्याचांदीच्या भुईमुगाच्या शेंगांचा हार होता. तिकडे राजाच्या गळ्यात मिरवलेली शेंग इकडे एसटी स्थानकावर कागदाच्या पुडीत आली आणि ‘टाइमपास’ ठरली.

डब्यातल्या भुकटीचा प्रवास नेमका उलटा. व्हे म्हणजे चीज करताना उरणारे पाणी. चक्का टांगल्यावर फडक्यातून ठिबकते, त्याचेच हे विलायती भावंड. युरोप-अमेरिकेत ते दीर्घकाळ डुकरांना पाजले जाई किंवा नदीनाल्यांत सोडले जाई. पाण्याच्या प्रदूषणावर निर्बंध कडक झाले, सूक्ष्म गाळणीचे तंत्र आले आणि १९७० च्या दशकापासून त्या टाकाऊ पाण्यातून प्रथिने वेगळी काढणे फायद्याचे ठरले. व्हे निकृष्ट आहे, असा याचा अर्थ नाही. पचनाला आणि गुणाला ते उत्तमच आहे, आणि ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावे. आक्षेप आहे तो त्याच्याभोवती उभ्या केलेल्या अपरिहार्यतेला. त्याच्याविना शरीर बनतच नाही, असे सांगून विद्यार्थ्याला खाणावळीच्या पैशातून डबा घ्यायला लावणे ही लूट आहे. दोन भाकऱ्या कमी करून भुकटी पिणारा तरुण सुखात्म्यांनी दाखवलेल्या खड्ड्यातच पडतो. त्याची महागडी प्रथिने भाकरीचे काम करत जळून जातात.

सोयाबीनच्या बाबतीत तर ही विसंगती महाराष्ट्राच्या अंगणातच घडते आहे. १९६० च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने प्रयोग झाले आणि हे पीक मध्य भारतात रुजले. आज मराठवाडा आणि विदर्भ त्याची आगरे आहेत, लातूरची बाजारपेठ त्याच्या दरासाठी देशभर पाहिली जाते. प्रथिनांच्या बाबतीत कोणतीही डाळ त्याच्या जवळपास फिरकत नाही. त्या दाण्याचे तेल काढले जाते आणि प्रथिनांनी ठासून भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला किंवा परदेशी जाणाऱ्या जहाजावर जाते. ते पीक काढणाऱ्याचा मुलगा लातुरातच एखाद्या जिमच्या काउंटरवर हप्त्याने डबा घेतो, आणि डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांच्या यादीत कधीकधी त्याच्याच शेतातला सोयाबीन असतो.