पैसा जानेवारीत, खर्च जुलैत

कॉलेजच्या मुलांनी पैसे जपून कसे वापरावेत, याविषयी सल्ल्यांना तोटा नाही. रोजचा खर्च लिहून ठेवा, गरज आणि हौस वेगळी करा, कट्ट्यावरचा चहा मोजा. या सल्ल्यांत सर्वांत गाजलेला नियम ५०-३०-२० चा. हातात येणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा भाग गरजांवर, तीस टक्के हौसेवर आणि वीस टक्के बचत व कर्जफेडीवर, अशी ही वाटणी. अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ मध्ये 'ऑल युवर वर्थ' या पुस्तकात ती मांडली आणि आज ती मराठी रील्सपर्यंत येऊन पोहोचली आहे. नियमात वावगे काही नाही. फक्त तो ठरावीक तारखेला पगार घेणाऱ्यांसाठी बेतलेला आहे. सोलापूरचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ २००४ मध्ये या एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले. तिथे आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांत करमाळा, माढा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट अशा तालुक्यांतून येणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरात पहिल्या तारखेला काहीच घडत नाही. त्यांची अडचण पैसा कमी असण्याची आहेच, पण तो चुकीच्या महिन्यात येण्याचीही आहे. या दुसऱ्या अडचणीवर महिन्याच्या बजेटचा इलाज चालत नाही, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलतही नाही.

जिल्ह्यातले घर कसे चालते ते पाहा. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची. ती काढून, मळून, विकून पैसा हातात यायला फाल्गुन-चैत्र उजाडतो. उसाचे गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होते, म्हणजे लवकर तोड मिळालेल्यालाही बिल डिसेंबर-जानेवारीच्या आधी मिळत नाही, आणि तोड लांबली तर त्याहून उशीर. डाळिंबाचा पैसा बहार कोणता धरला यावर आणि त्याहीपेक्षा तेल्या रोगाच्या मर्जीवर. शहरात अशोक चौक, अक्कलकोट रोडच्या बाजूला यंत्रमागावर किंवा विड्या वळण्यावर चालणारी घरे आहेत. तिथे मजुरी आठवड्याची, म्हणजे पैसा नियमित येतो, पण इतका थोडा की त्यातून एकरकमी काही भरता येत नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आला तसा पूर आला, तर वर्षभराचा अंदाजच वाहून जातो.

खर्चाचे वेळापत्रक याच्या नेमके उलटे आहे. प्रवेश, फी, खोलीचे डिपॉझिट, पुस्तके हे सगळे जून-जुलैत. हेच महिने खरिपाच्या पेरणीचे. बियाणे, खत, नांगरट यांसाठी घरातला शेवटचा रुपया बाहेर पडतो, आधीच्या वर्षीचे पीककर्ज नवे-जुने करण्याची धावपळ चालू असते, आणि त्याच आठवड्यात मुलगा 'फीची शेवटची तारीख' घेऊन उभा राहतो. सत्र परीक्षेचा अर्ज भरायची वेळ दिवाळीच्या आसपास येते. तीही सणाच्या खर्चात. मधले महिने मेस, खोलीभाडे आणि रिचार्ज सारखे चालूच. शिवाय चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या शहरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना पाण्याच्या जारचाही हिशेब धरावा लागतो. हा खर्च इथल्या मुलांच्या पदरी महापालिकेने घातलेला आहे, त्यांच्या उधळेपणाने नव्हे.

तारखांनी काय फरक पडतो, ते आकड्यांत मांडून बघू. समजा, जुलै ते एप्रिल अशा दहा महिन्यांत एका विद्यार्थ्याला राहणे, जेवण, प्रवास धरून दरमहा ५ हजार लागतात. त्यावर जुलैत फीचा वाटा, डिपॉझिट आणि पुस्तके मिळून १० हजार, ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये परीक्षा शुल्क वगैरे अडीच-अडीच हजार. वर्षाचा खर्च ६५ हजार. घरून जुलैत कसेबसे २० हजार मिळाले, उसाचे बिल आल्यावर जानेवारीत ३० हजार मिळाले आणि मार्चमध्ये शिष्यवृत्तीचे १५ हजार जमा झाले. वर्षाची जमा ६५ हजार. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही; कोणताही हिशेबतपासनीस म्हणेल की मुलाचे बजेट चोख आहे. पण ऑगस्टअखेर त्याचा खिसा रिकामा असतो. सप्टेंबरअखेर ५ हजार, ऑक्टोबरअखेर साडेबारा, नोव्हेंबरअखेर साडेसतरा आणि डिसेंबरअखेर साडेबावीस हजार रुपयांची तूट. जानेवारीत गाडी रुळावर येते, फेब्रुवारीअखेर पुन्हा अडीच हजारांनी घसरते, आणि एप्रिलच्या शेवटी शिल्लक बरोबर शून्य. ज्याने वर्षभरात एकही पैसा उधळला नाही, तो सप्टेंबर ते फेब्रुवारी या सहा महिन्यांपैकी पाच महिने देणेकरी होता. ही तूट महिन्याला शेकडा पाचच्या सावकारी दराने भरून काढली, तर व्याजावर व्याज न धरताही ३ हजार रुपये होतात. म्हणजे दहा महिन्यांच्या वर्षातले अठरा दिवसांचे जगणे केवळ तारखा न जुळल्यापायी गेले.

या खड्ड्यात मोबाइलवर कर्ज देणारी अ‍ॅप्स उभी असतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम केले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यावी आणि सगळे शुल्क धरून वर्षाचा एकूण दर किती पडतो हे आधी लेखी कळवावे, अशी सक्ती केली. तो दर वाचण्याइतके गणित बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही येते. पण मेसवाल्या काकूंनी दोन महिन्यांची थकबाकी मागितल्यावर दर कोण वाचतो? खानावळीची उधारी, मित्राकडून हातउसने, मग अ‍ॅप, मग ते फेडायला दुसरे अ‍ॅप, ही उतरण बहुतेकदा चैनीने सुरू होत नाही. ती ऑक्टोबरातल्या साडेबारा हजारांनी सुरू होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. मुले उधळतातच, हप्त्यावरचे फोन, वाढदिवसाच्या पार्ट्या, ऑनलाइन गेम, शेअर बाजारातले सट्टे हे दिसत नाही का, असे विचारले जाईल. दिसते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांच्यात तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करून बंदी आणावी लागली. तरुणांच्या हातून पैसा जातो, यात वाद नाही. पण तिशीच्या आतले सगळे विद्यार्थी नसतात, आणि मेसचे बिल चुकवू न शकणारा मुलगा व ऑप्शन्स खेळणारा मुलगा बहुधा दोन वेगळी माणसे असतात. जिथे ती एकच असतात, तिथे क्रम तपासावा. हाती काही नसताना 'दोन दिवसांत दुप्पट' हे शब्द जितके गोड लागतात, तितके चार महिन्यांची मेस आधीच भरलेल्याला लागत नाहीत. उधळपट्टीवर उपदेश जरूर करावा; मात्र तो केला म्हणजे उसाचे बिल जुलैत येणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की सरकार एवढे देते, मग ओरड कशाला? देते, हे मान्यच आहे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व स्वाधार योजना, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना, विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून वर्षाला जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत शिष्यवृत्ती, आणि जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ. यादी छोटी नाही. पण फी माफ झाली तरी खोलीभाडे माफ होत नाही. आणि महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, महाविद्यालयाची छाननी, विभागाची मंजुरी, आधारशी जोडलेले खाते या चार उंबऱ्यांवरून येणारी रक्कम कधी येईल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. इथे एक विसंगती बोचते. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो, आणि त्यातली महाविद्यालयाची फी त्याने सात दिवसांत भरावी अशी अट आहे. दुसरीकडे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. सोलापूरचे कारखाने हे किती पाळतात, तो वेगळा विषय. थकीत बिलांसाठी इथे दरवर्षी आंदोलने होतात. तरी निदान शेतकऱ्याच्या हातात भांडायला एक आकडा आहे. विद्यार्थ्याला सात दिवसांचा नियम, कारखान्याला चौदा दिवसांचा. शिष्यवृत्ती सहा महिने रखडली तर सरकार मात्र त्याला एक रुपयाही व्याज देत नाही. तारीख पाळायची शिस्त फक्त अठरा वर्षांच्या पोरानेच का दाखवावी?

संस्थेने आपल्या तारखा विद्यार्थ्याच्या घरच्या तारखांशी जुळवून घ्याव्यात, हे काही क्रांतिकारक मागणे नाही. महाराष्ट्रात ते एकेकाळी करून दाखवलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि तिथल्या वसतिगृहासाठी गावोगाव फिरून पैशाबरोबर धान्यही गोळा केले. त्यात गरिबाविषयीचा कळवळा होताच, पण मोठी व्यवहारबुद्धीही होती. शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते त्या काळातही कणगीत धान्य असते. ते सुगीला घ्यायचे आणि वर्षभर मुलांना जेवू घालायचे, म्हणजे संस्थेने आपले कॅलेंडर रयतेच्या कॅलेंडरला जुळवून घेतले. धान्य संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. घरचे पैसे येईपर्यंत मुलाने उपाशी राहावे, हा पर्याय तिथे नव्हताच. पुढे 'कमवा आणि शिका' आले, ते आजही विद्यापीठांत आहे. त्याचा आधार खरा आहे, पण तासावारी मिळणाऱ्या त्या रकमेतून मेसचा थोडासा भाग निघतो, आणि ते कामही सर्वांना मिळत नाही. बाहेर केटरिंगला किंवा डिलिव्हरीला गेले तर पैसे जास्त मिळतात, हजेरी मात्र जाते.

मग विद्यार्थ्याने स्वतः काय करावे? महिन्याचे बजेट बाजूला ठेवून एका कागदावर जुलै ते जून असे बारा रकाने आखावेत. कोणत्या महिन्यात घरात पैसा येतो, हे आईवडिलांना विचारून लिहावे. हे विचारणेच अनेक घरांत अवघड असते, कारण घरावर कर्ज किती आहे हे शिकणाऱ्या पोराला कळू नये अशी वडिलांची इच्छा असते. पण ते न कळल्यामुळेच जानेवारीत आलेले ३० हजार त्याला श्रीमंती वाटतात. कागदावर खड्डा आधी दिसला, तर त्याला तोंड देण्याचे मार्ग जुलैतच शोधता येतात: मेसवाल्या काकूंशी आधीच बोलून ठेवता येते, कारण जुलैत सांगितलेली उधारी आणि ऑक्टोबरात चुकवलेली तोंडे यांत पत ठरते, ज्वारी, डाळ, तिखट घरून आणून तिघा-चौघांत स्वयंपाक करता येतो, एसटीचा विद्यार्थी पास काढून एक तृतीयांश भाड्यात गावाहून ये-जा करता येईल का, हे खोली घेण्याआधी तपासता येते. मोठी रक्कम आली की आधी देणे, मग एप्रिलपर्यंतची मेस, आणि जमले तर पुढच्या जुलैचा थोडा भाग वेगळ्या खात्यात. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा विचारही याच वेळी करावा. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, वसतिगृहाचा खर्च त्यात बसतो आणि परतफेड अभ्यासक्रम संपून वर्ष झाल्यावर सुरू होते. सावकाराच्या महिना शेकडा पाचपेक्षा ते केव्हाही परवडते, मात्र साध्या पदवीसाठी बँका ते देताना कां-कूं करतात, हेही खरे. एवढे करूनही वर सांगितलेली साडेबावीस हजारांची तूट भरून निघणार नाही. कमी होईल, आणि अचानक अंगावर येणार नाही, इतकेच.

उरलेले काम महाविद्यालयांचे आणि विद्यापीठाचे आहे. फीचा मोठा हप्ता जुलैऐवजी जानेवारीच्या शेवटी ठेवावा, परीक्षा अर्जाच्या वेळी थकबाकीसाठी अडवू नये, आणि शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या मुलाला ती येईपर्यंत त्या रकमेवर उचल द्यावी. विनाअनुदानित संस्थाचालक लगेच म्हणतील, की प्राध्यापकांचे पगार आम्ही जुलैत कशातून करायचे? प्रश्न रास्त आहे. पण जुलै ते जानेवारी हे अंतर कोणाला तरी सोसावे लागणारच, आणि ते कोणाला स्वस्तात सोसता येते एवढेच पाहायचे आहे. संस्थेला इमारत आहे, खाते आहे, बँकेत ओव्हरड्राफ्ट मिळतो. तिला वर्षाला दहा-बारा टक्क्यांनी मिळणारा पैसा तिच्या विद्यार्थ्याला सावकाराकडे साठ टक्क्यांनी पडतो. शिवाय या जिल्ह्यात नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांची परंपरा जुनी आहे. मंजुरीचे पत्र पाहून, महाविद्यालयाची हमी घेऊन सहा महिन्यांसाठी दहा-पंधरा हजार देणे हा त्यांच्यासाठी जोखमीचा व्यवहार नाही. विद्यापीठाने पुढाकार घेऊन अशा दोन-तीन संस्थांशी करार केला, तर येत्या जुलैच्या प्रवेशाबरोबरच तो अर्ज मुलांच्या हातात ठेवता येईल.