विश्लेषण : सरासरी जिंकते, सामना हरतो… प्रशिक्षकाने गुंतवणूकदाराकडून काय शिकावे?

२८ मे २०१८. एनबीएच्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना. घरच्या मैदानावर खेळणारा ह्युस्टन रॉकेट्स मध्यंतराला ११ गुणांनी पुढे होता. मात्र या सामन्यात त्यांचे सलग २७ थ्री-पॉइंटर हुकले आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सने १०१-९२ अशी बाजी मारली.

रॉकेट्सचे गणित काय होते?

सरासरी परताव्याचे. तीन गुणांच्या रेषेबाहेरून १०० पैकी ३६ नेम लागले, तरी १०८ गुण मिळतात. रेषेच्या आत, पण बास्केटपासून लांबून ४० लागले, तर ८०च. म्हणून महाव्यवस्थापक डॅरिल मोरी आणि प्रशिक्षक माइक डी’अँटोनी यांच्या संघाने निम्म्याहून अधिक शॉट रेषेबाहेरून मारले. त्या हंगामात ८२ पैकी ६५ साखळी सामने जिंकून ते अव्वल ठरले.

मग चुकले कुठे?

एका पराभवाने धोरण चुकीचे ठरत नाही. ख्रिस पॉल जखमी होता, नशीबही रुसले होते. पण गुंतवणुकीत परताव्याइतकीच मुदत महत्त्वाची. ८२ सामन्यांत चढउतार भरून निघतात, एका सामन्यात तेवढा वेळ नसतो. पुढच्या महिन्यात फी भरायची असेल, तर ते पैसे कोणी समभागांत ठेवत नाही. शिवाय पाय थकले, की सर्वच दूरचे नेम एकदम बिघडतात. शॉट ४४ मारले, तरी जोखीम विभागली गेली नव्हती. त्यातले सातच लागले.

प्रशिक्षकाने काय करावे?

पिछाडीवरच्या संघाने जोखीम वाढवावी, कारण सुरक्षित खेळून तो हरणारच असतो. आघाडीवरच्याने ती कमी करावी. उद्दिष्ट जवळ आल्यावर आपण समभागांतून रोख्यांकडे वळतो, तसे. त्यासाठी बास्केटकडे मुसंडी मारून फ्री थ्रो मिळवण्याचा दुसरा मार्ग सरावातच तयार हवा. निर्णायक रात्री तो नव्याने सापडत नाही.

साम्य इथेच संपते. पडलेला समभाग विकता येतो, पण सलग पाच नेम हुकलेल्या खेळाडूला विश्वास द्यावा लागतो. आकडेमोड प्रशिक्षकाने जरूर करावी, पण ती खेळाडूच्या खांद्यावर लादू नये.