मताची शिक्षा बडतर्फी?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य मुख्यतः शासनसंस्थेला बांधते, खासगी मालकाला नव्हे, म्हणून मत मांडणाऱ्याचा तुरुंग टळला तरी पगार वाचेलच असे नाही. लोकमान्य टिळकांना जुलै १९०८मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणगावच्या, म्हणजे परळ-लालबाग परिसरातील गिरण्यांच्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर होते, त्यांनी घेतलेली ही उघड राजकीय भूमिका मुंबईच्या इतिहासाचा मानबिंदू आहे. त्याच मुंबईत, विद्याविहारच्या सोमय्या शाळेने मे २०२४मध्ये समाजमाध्यमावरील पॅलेस्टाईनविषयक मजकुराला पसंती दर्शवल्याच्या वादातून मुख्याध्यापिकेला सेवेतून दूर केले, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. वर्गात पक्षप्रचार करणे हा कामातील दोष ठरू शकतो, वर्गाबाहेर व्यक्त केलेले मत नव्हे. त्या मताने कामाची हानी झाली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाचीच असली पाहिजे. खासगी शाळांतील कायम कर्मचाऱ्यांना १९७७च्या राज्य अधिनियमाने बडतर्फीपूर्वी चौकशीचे आणि नंतर न्यायाधिकरणाकडे, म्हणजे खास त्यासाठी नेमलेल्या न्यायपीठाकडे, दाद मागण्याचे संरक्षण दिले आहे. दादर-गिरगावच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत राबणाऱ्यांनाही मतप्रदर्शनापुरते तसेच संरक्षण विधिमंडळाने द्यावे.