फिडलची धून बँजोवर : आधी चाल, मग दागिने

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. मुलं शिकायला दूर गेली, घर एकदम रिकामं झालं. शेजारची मंडळी शनिवारी एकत्र बसून फिडलच्या जुन्या धुना वाजवतात. त्यातला बँजो यांच्या मनात भरला. त्या लिहितात, ‘वय पन्नास, नोटेशन येत नाही, फिडल इतकं भराभर पळतं की माझी बोटं मागेच राहतात. नाद सोडून देऊ का?’

ताई, मुळीच सोडू नका!

इथल्या मैत्रिणींसाठी आधी एक खुलासा. आपल्या मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो बेंजो हा नव्हे. हा गोल, चामडं मढवलेला, लांब दांडीचा आणि पाच तारांचा. पाचवी तार आखूड. ती अंगठ्यानं छेडायची. तंबोऱ्याच्या षड्जासारखी ती एकाच स्वरात बोलत राहते. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांतून बँजो घडला. फिडल म्हणजे व्हायोलिनच. त्याच्या कितीतरी धुना स्कॉटलंड-आयर्लंडहून गेलेल्या लोकांबरोबर तिकडे पोचल्या. दक्षिणेच्या डोंगराळ मुलखात या दोघांची जोडी जमली.

आता तुमची अडचण. फिडलचा गज एका ओढीत तीनचार स्वर सहज काढतो. बँजोवर मात्र नखानं वरून खाली आघात करायचा असतो. तेव्हा फिडलचा प्रत्येक स्वर काढायचा हट्ट सोडा. पायाच्या ठेक्यावर पडणारे स्वर तेवढे धरा. आधी चाल, मग दागिने!

१. एक धून निवडा आणि आठवडाभर नुसती ऐका. पोळ्या लाटताना ती न चुकता गुणगुणता आली की मगच बँजो हाती घ्या. नोटेशनवाचून काही अडत नाही. टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) हे तुमच्याच राज्यातले नामवंत वादक. त्यांच्या घरी दूरदूरची तरुण मुलं येत, ऐकून-पाहून शिकत.

२. उजव्या हाताचा ठेका रोज दहा मिनिटं घोटा. नखानं एक तार, मग नखानंच खालच्या तारा, लगेच अंगठ्यानं पाचवी. एक लांब, दोन आखूड. त्या बोटाचं नख थोडं वाढवा आणि भांडी घासताना जपा!

३. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. एका वेळी एकच भाग बसवा. ‘क्रिपल क्रीक’ किंवा ‘अँजेलिन द बेकर’पासून सुरुवात करा.

४. फिडलवाल्यांना ए आणि डी हे स्वर सोयीचे. त्यासाठी बँजोच्या दांडीवर दुसऱ्या पट्टीशी कॅपो, म्हणजे चिमटा, लावतात. तो पाचव्या तारेपर्यंत पोचत नाही. ती तार वेगळी चढवायला विसरू नका.

५. घरच्यांची झोपमोड नको असेल, तर मागच्या बाजूनं चामडं आणि आतली दांडी यांच्यामध्ये एखादा मऊ पंचा खोचा. आवाज छान दबतो.

आणि शनिवारी जाऊन बसा! थोडं मागे बसा, हळू वाजवा. धून पुन्हा पुन्हा फिरत राहते. प्रत्येक फेरीत एखादा स्वर सापडला तरी पुष्कळ. कुणी पाय वर उचलला, की शेवटची फेरी समजा.

राहिला वयाचा प्रश्न. एलिझाबेथ कॉटन ह्या तुमच्याच राज्यातल्या. लहानपणी भावाचा बँजो त्याच्या नकळत वाजवायच्या. पुढे संसारात आणि कष्टात वाद्य सुटलं ते कित्येक वर्षं. सीगर कुटुंबात घरकामाला असताना त्यांनी पुन्हा गिटार हाती घेतली. १९५८ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. पुढे ग्रॅमी पारितोषिकही मिळालं.

तुम्ही तर अजून पन्नाशीतच आहात! पारितोषिकाचं राहू द्या. पण घरातली ती शांतता सुरांनी नक्की भरेल. पहिली धून बसली की जरूर कळवा.